क्वार्टरबॅकचा करार वाचायचा कसा: कॅप, ट्रेड आणि फ्री एजन्सीच्या वादात उतरण्याआधी

मार्च लागला, फ्री एजन्सी म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार उघडला, की एनएफएलच्या (अमेरिकी फुटबॉल लीगच्या) चाहत्यांमध्ये ठरलेली वाक्यं ऐकू येतात. "क्वार्टरबॅकला काढा, साडेचार कोटी मोकळे होतील." "त्याला ट्रेड करा, ओझं समोरच्याच्या गळ्यात." "कॅप-बिप सगळं थोतांड आहे, टीमला हवे तेव्हा पैसे सापडतात." (क्वार्टरबॅक म्हणजे टीमचं आक्रमण चालवणारा खेळाडू; कॅप म्हणजे टीमला वर्षाला खेळाडूंवर करता येणाऱ्या खर्चाची मर्यादा; ट्रेड म्हणजे दुसऱ्या टीमशी अदलाबदल.) तिन्हींत थोडं तथ्य आहे, पण जशी बोलली जातात तशी तिन्ही चूक आहेत. खेळाडूला रोख कधी मिळाली आणि तीच रक्कम कॅपच्या वहीत कोणत्या वर्षी मांडली, या दोन गोष्टींची गल्लत झाली की असं होतं. ती गल्लत टाळली तर निम्मे वाद जागच्या जागी मिटतात. उरलेले निम्मे घालण्यासारखे असतात.

पुढचे सगळे आकडे डॉलरमध्ये आहेत. अमेरिकी बातम्या मिलियनमध्ये बोलतात. दहा मिलियन म्हणजे एक कोटी, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आकडा नको, टक्का बघा

१९९४ साली सॅलरी कॅप सुरू झाली तेव्हा ती प्रत्येक टीमला ३ कोटी ४६ लाख होती. २०२४ साली २५ कोटी ५४ लाख आणि २०२५ साली २७ कोटी ९२ लाख. मध्ये एकदाच मोठा खड्डा पडला: कोविडमुळे उत्पन्न आटलं आणि २०२० ची १९ कोटी ८२ लाखांची कॅप २०२१ साली १८ कोटी २५ लाखांवर आली. भविष्यात कॅप वाढणारच असं धरून ज्यांनी खर्च पुढे ढकलले होते, त्यांची त्या वर्षी चांगलीच ओढाताण झाली.

म्हणून दोन काळांतले करार डॉलरमध्ये ताडून बघण्यात अर्थ नाही. कर्क कझिन्सने २०१८ साली मिनेसोटाशी ३ वर्षांचा ८ कोटी ४० लाखांचा, पूर्ण हमीचा करार केला. वर्षाला सरासरी २ कोटी ८० लाख, म्हणजे त्या वर्षीच्या १७ कोटी ७२ लाखांच्या कॅपच्या सुमारे १६ टक्के. डॅक प्रेस्कॉटने २०२४ साली डॅलसशी वर्षाला ६ कोटींचा करार केला, तो साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास जातो. पहिला आकडा दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी वाटतो, टक्क्यांत तो दोन तृतीयांश भरतो. (आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांसाठी: १२० कोटी रुपयांच्या पर्समधून ऋषभ पंतला २७ कोटी, म्हणजे साडेबावीस टक्के. फरक असा की आयपीएलची पर्स त्या-त्या हंगामाची असते, एनएफएलमध्ये आजचा खर्च पुढच्या वर्षांत पसरवता येतो. पुढचा सगळा लेख या एका फरकाबद्दल आहे.)

आणखी एक जागा चुकते. "क्वार्टरबॅकवर इतके टक्के घातले तर सुपर बोल जिंकता येत नाही" असं म्हणताना (सुपर बोल म्हणजे लीगचा अंतिम सामना) लोक सरासरी पगाराचा टक्का धरतात, आणि जिंकलेल्यांचा मात्र त्या वर्षीचा कॅप हिट, म्हणजे त्या वर्षी कॅपवर मांडलेली रक्कम, मोजतात. पॅट्रिक महोम्सचा २०२२ च्या हंगामातला कॅप हिट कॅपच्या १७ टक्क्यांच्या थोडा वर होता आणि कॅन्सस सिटी तरीही जिंकली. एका बाजूला सरासरी धरली तर दुसऱ्या बाजूलाही सरासरीच धरा.

टीमकडे जागा किती उरली आहे हे बघताना दोन नियम लक्षात असू द्या. हंगाम नसताना रोस्टरवरचे (टीमच्या यादीतले) फक्त सर्वांत महागडे ५१ खेळाडू मोजले जातात. त्यामुळे २० लाखांच्या खेळाडूला घेतलं की कॅपवर पूर्ण २० लाख वाढत नाहीत, कारण यादीतला एक स्वस्त खेळाडू ५१ मधून बाहेर पडतो. दुसरं, न वापरलेली जागा टीमला पुढच्या वर्षी नेता येते. दोन टीमची खरी कॅप म्हणूनच सारखी नसते.

एक करार उघडून बघू

नमुन्यादाखल एक काल्पनिक करार घेऊ. ४ वर्षं, १६ कोटी. त्यात ६ कोटी साइनिंग बोनस (सही करताच मिळणारी रोख), बाकी बेस सॅलरी (वर्षाचा मूळ पगार), आणि शेवटी एक व्हॉइड वर्ष. व्हॉइड वर्ष म्हणजे कागदावरचं वर्ष: खेळाडू त्या वर्षी टीममध्ये नसतो, ते फक्त बोनस पसरवायला जोडलेलं असतं. साइनिंग बोनस जास्तीत जास्त पाच वर्षांवर समान वाटता येतो, म्हणून इथे वर्षाला १ कोटी २० लाखांचा हप्ता बसतो.

पहिलं वर्ष: बेस २० लाख, हप्ता १ कोटी २० लाख, कॅप हिट १ कोटी ४० लाख.
दुसरं वर्ष: बेस २ कोटी ८० लाख, हप्ता तोच, कॅप हिट ४ कोटी.
तिसरं वर्ष: बेस ३ कोटी ४० लाख, कॅप हिट ४ कोटी ६० लाख.
चौथं वर्ष: बेस ३ कोटी ६० लाख, कॅप हिट ४ कोटी ८० लाख.
पाचवं, व्हॉइड: फक्त हप्ता, १ कोटी २० लाख.

पहिल्या वर्षी खेळाडूच्या पदरात पडतात ६ कोटी २० लाख, कॅपवर दिसतात १ कोटी ४० लाख. बेरीज मात्र दोन्हीकडून १६ कोटीच येते. दिलेला प्रत्येक डॉलर कधी ना कधी कॅपवर उमटतोच. टीमला फक्त तो कधी उमटावा हे ठरवता येतं. "कॅप थोतांड आहे" म्हणणाऱ्यांनी ही बेरीज एकदा स्वतः करून पाहावी.

ओव्हर द कॅप आणि स्पॉट्रॅक या दोन साइटवर खऱ्या करारांची अशीच मांडणी मिळते. बेस, हप्त्यांत वाटलेला बोनस, रोस्टर बोनस (ठरलेल्या तारखेला टीममध्ये असल्यास मिळणारा), हमीची रक्कम, कॅप हिट आणि डेड मनी (खेळाडू गेल्यावरही कॅपवर उरणारी रक्कम) हे रकाने याच क्रमाने वाचा. सरासरीपासून सुरुवात करू नका.

काढलं तर काय वाचतं

दोन वर्षं झाली, खेळ घसरला, तिसऱ्या वर्षाची बेस हमीची नाही. मार्चमध्ये काढलं तर? ६ कोटींपैकी २ कोटी ४० लाख कॅपवर आधीच मांडून झाले, उरलेले ३ कोटी ६० लाख त्याच वर्षी एकदम येऊन पडतात. हीच डेड मनी. कॅप हिट होता ४ कोटी ६० लाख, म्हणून मोकळी झाली फक्त १ कोटींची जागा. "साडेचार कोटी मोकळे होतील" इथेच कोसळतं.

याच ठिकाणी १ जूनचा नियम कामी येतो. टीमला वर्षाला दोन खेळाडूंना आधीच काढून "१ जूननंतर काढलं" असं धरायची सवलत असते. मग त्या वर्षी फक्त १ कोटी २० लाख डेड मनी बसतो आणि ३ कोटी ४० लाख वाचतात; बाकीचे २ कोटी ४० लाख पुढच्या वर्षी पडतात. पण चाहते एक गोष्ट हमखास विसरतात: ही जागा २ जूनला हातात येते. तोवर कॅपवर पूर्ण ४ कोटी ६० लाखच बसून असतात. मार्चच्या फ्री एजन्सीत त्या पैशातून कुणी घेता येत नाही. "जून १ लावा आणि तो रिसीव्हर आणा" ही योजना तारखेवरच फसते. शिवाय ही सवलत फक्त काढून टाकण्याला आहे. मार्चमधल्या ट्रेडला ती लावता येत नाही. ट्रेडचा बोजा दोन वर्षांत वाटायचा तर ट्रेडच १ जूननंतर करावा लागतो, आणि तोपर्यंत ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) होऊन गेलेला असतो.

रीस्ट्रक्चर: आजचं मरण उद्यावर

आता त्याच कराराचं दुसरं वर्ष. टीमला जागा हवी, म्हणून २ कोटी ८० लाखांच्या बेसमधले २ कोटी ४० लाख बोनसमध्ये बदलले. खेळाडूचं काहीच नुकसान नाही, उलट रोख लवकर हातात. ते २ कोटी ४० लाख उरलेल्या चार वर्षांवर (व्हॉइड धरून) ६०-६० लाख असे वाटले गेले. दुसऱ्या वर्षाचा हिट ४ कोटींवरून २ कोटी २० लाखांवर आला. १ कोटी ८० लाखांची जागा झाली, सगळे खूश.

तिसऱ्या वर्षाचा हिट मात्र ५ कोटी २० लाख झाला. आणि तिसऱ्या वर्षाआधी काढायची वेळ आली तर डेड मनी ३ कोटी ६० लाख नाही, ५ कोटी ४० लाख. म्हणजे खेळाडू ठेवण्यापेक्षा काढणं २० लाखांनी महाग. एका सहीत टीमने स्वतःच्या बाहेर पडायच्या दाराला कुलूप घातलं.

त्यामुळे रीस्ट्रक्चरची बातमी आली की "किती जागा झाली" याच्या आधी "हा माणूस आणखी दोन वर्षं हवाच आहे का" हे विचारायचं. महोम्ससारख्याचं रीस्ट्रक्चर निवांत करता येतं, कारण तो कुठे जाणारच नाही. तिशी ओलांडलेल्या, दुखापतींतून उठलेल्या क्वार्टरबॅकचं केलं की ती उधारी असते. टॉम ब्रेडी गेल्यावर २०२३ साली टॅम्पा बेच्या कॅपवर त्याच्या नावाने ३ कोटी ५१ लाख डेड मनी बसला. त्याआधी त्यांनी सुपर बोल जिंकला होता, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. पण बिल आलंच. मग त्यांनी बेकर मेफिल्डला ४० लाख आणि वर कामगिरीचे बोनस अशा एका वर्षाच्या करारावर आणलं. मेफिल्डने डिव्हिजन (लीगमधला गट) जिंकून दिली, प्लेऑफचा एक सामनाही, आणि पुढच्या वर्षी ३ वर्षांचे १० कोटी मिळवले. दरवेळी असं नशीब उघडत नाही.

हमी, आणि ती कोणत्या तारखेला पक्की होते

करारातला सर्वांत महत्त्वाचा रकाना हा, आणि सर्वांत कमी वाचला जाणाराही हाच. हमी एका प्रकारची नसते. काही रक्कम सही करतानाच पूर्ण हमीची असते. काही फक्त दुखापतीसाठी हमीची असते: खेळाडू दुखापतीमुळे शारीरिक चाचणी पास होऊ शकला नाही तरच ती द्यावी लागते. आणि बऱ्याच करारांत पुढच्या वर्षाची रक्कम मार्चमधल्या एखाद्या दिवशी, लीग वर्षाच्या तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी, आपोआप पूर्ण हमीची होते. मोठे निर्णय मार्चच्या मध्यावर धडाधड होतात ते यामुळे.

रसेल विल्सनचं प्रकरण यासाठी धड्यासारखं आहे. मार्च २०२२ मध्ये डेन्व्हरने त्याच्यासाठी सिअ‍ॅटलला दोन पहिल्या फेरीच्या आणि दोन दुसऱ्या फेरीच्या पिक, एक पाचव्या फेरीची पिक (पिक म्हणजे ड्राफ्टमधली एक निवड) आणि तीन खेळाडू दिले. जुन्या कराराची दोन वर्षं बाकी असताना, डेन्व्हरसाठी एकही सामना खेळायच्या आधी, सप्टेंबरमध्ये त्याला जवळपास २४ कोटींची मुदतवाढही दिली. ट्रेडपेक्षा मोठी चूक ही होती, असं माझं मत. घाई करायला काहीच कारण नव्हतं.

२०२५ सालची ३ कोटी ७० लाखांची बेस मार्च २०२४ मध्ये पूर्ण हमीची होणार होती, आणि दुखापतीसाठी ती आधीपासूनच हमीची होती. म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये, प्लेऑफची अंधुक आशा शिल्लक असताना, त्याला बाकावर बसवलं. चाहते तेव्हा कोचच्या डावपेचांवर भांडत होते. खरं कारण कराराच्या कागदावर होतं. मार्चमध्ये त्याला १ जूनच्या सवलतीने काढलं: एकूण साडेआठ कोटी डेड मनी, त्यातले ५ कोटी ३० लाख २०२४ वर आणि ३ कोटी २० लाख २०२५ वर.

पुढची गंमत ऑफसेटची. डेन्व्हरला २०२४ चे ३ कोटी ९० लाख द्यायचेच होते, पण दुसऱ्या टीमने दिलेला पगार त्यातून वजा होणार होता. म्हणजे पिट्सबर्गने त्याला १ कोटी दिला काय किंवा किमान पगार दिला काय, विल्सनच्या हातात तेवढेच पैसे येणार. साहजिकच तो १२ लाख १० हजारांच्या किमान पगारावर गेला. "एवढा स्वस्त कसा मिळाला?" याचं उत्तर इतकंच: बाकीचं बिल डेन्व्हर भरत होतं.

ट्रेड: कोण काय घेऊन जातं

नमुन्याच्या करारावर परत या. मूळ रूपात, तिसऱ्या वर्षाआधी ट्रेड झाला तर जुन्या टीमवर ३ कोटी ६० लाख डेड मनी राहतो. नव्या टीमला मिळते फक्त बेस: ३ कोटी ४० लाख, पुढच्या वर्षी ३ कोटी ६० लाख. बोनस आधीच दिलेला, तो देणाऱ्याच्याच वहीत राहतो. "४ कोटी ६० लाखांचा क्वार्टरबॅक कोण घेईल?" असं कुणी म्हणालं तर घेणाऱ्याला तो त्या किमतीला पडतच नाही, हे सांगा. २०२१ मध्ये रॅम्सनी जॅरेड गॉफला पाठवून मॅथ्यू स्टॅफर्डला आणलं, तेव्हा गॉफचे २ कोटी २२ लाख त्यांच्याच कॅपवर राहिले, वर दोन पहिल्या फेरीच्या आणि एक तिसऱ्या फेरीची पिक गेली. त्याच हंगामात ते सुपर बोल जिंकले, म्हणून आज तो सौदा कुणाला महाग वाटत नाही.

पगार जास्त आणि मागणी कमी असेल तर देणारी टीम पगाराचा वाटा स्वतः उचलते. जुलै २०२२ मध्ये क्लीव्हलँडने मेफिल्डला कॅरोलायनाला पाठवताना त्याच्या पगारातले १ कोटी ५ लाख स्वतः भरले, मेफिल्डने ३५ लाख सोडले आणि कॅरोलायनाला तो ५० लाखांच्या आत पडला. बदल्यात क्लीव्हलँडला एक सशर्त पिक. असं होतं कारण तेव्हा सगळ्या लीगला माहीत होतं की क्लीव्हलँडला तो नकोच आहे: देशॉन वॉटसनसाठी तीन पहिल्या फेरीच्या पिक आणि २३ कोटींची पूर्ण हमी देऊन झाली होती. आपली गरज बाजारात जाहीर झाली की भाव पडतो.

सशर्त पिकची अट शब्दशः वाचा. ती बहुतेक वेळा खेळलेल्या स्नॅपच्या (सामन्यातल्या एकेका चालीच्या) टक्क्यांवर असते. कार्सन वेन्ट्झच्या ट्रेडमध्ये तो ७५ टक्के स्नॅप खेळला तर दुसऱ्या फेरीची पिक पहिल्या फेरीची होणार होती. तो खेळला आणि फिलाडेल्फियाला पहिली फेरी मिळाली. एरन रॉजर्सच्या २०२३ च्या ट्रेडमध्ये अट ६५ टक्के होती. जेट्ससाठी चौथ्याच स्नॅपला त्याचं टाचेमागचं अकिलीस तुटलं आणि ग्रीन बेची पहिल्या फेरीची आशा तिथेच संपली. वर ४ कोटींहून थोडा जास्त डेड मनी त्यांच्याच वहीत.

पिकची किंमत ताडायला डॅलसचे माजी कोच जिमी जॉन्सन यांचा जुना तक्ता अजून चालतो: पहिली पिक ३०००, सोळावी १०००, बत्तिसावी ५९० गुण. आजच्या मानाने तो वरच्या पिकना जास्तच भाव देतो, पण वाद घालायला सामायिक माप म्हणून चालेल. पुढच्या वर्षीची पिक साधारण एक फेरी खाली धरायची पद्धत आहे.

फ्री एजन्सी आणि टॅग

चार हंगाम मोजले गेलेले आणि करार संपलेला खेळाडू हा खरा मुक्त. करार बाकी असताना काढलेला खेळाडूही बाजारात येतो, पण भरपाईच्या पिकच्या हिशेबात तो धरला जात नाही. करार संपून गेलेल्यांच्या बदल्यातच टीमला तिसऱ्या ते सातव्या फेरीअखेर भरपाईच्या पिक मिळतात. म्हणून हुशार टीम मार्चमध्ये काढून टाकलेल्यांकडे आधी बघतात.

फ्रँचायझी टॅग म्हणजे करार संपणाऱ्या खेळाडूला आणखी एक वर्ष रोखून ठेवायचा टीमचा हक्क. त्याची रक्कम त्या जागेच्या सर्वांत मोठ्या पाच पगारांच्या सरासरीवरून ठरते, किंवा खेळाडूच्या आधीच्या पगाराच्या १२० टक्के, जे जास्त असेल ते. तिसऱ्यांदा टॅग केलं तर १४४ टक्के. वॉशिंग्टनने कझिन्सला २०१६ साली १ कोटी ९९ लाख ५३ हजारांना टॅग केलं, २०१७ साली २ कोटी ३९ लाखांहून जास्त. तिसरा टॅग साडेतीन कोटींच्या जवळ गेला असता, म्हणून सोडावं लागलं. टॅगने एक वर्ष विकत घेता येतं, पण प्रश्न महाग होतो. शिवाय टॅगची पूर्ण रक्कम त्याच वर्षाच्या कॅपवर बसते, ती पसरवता येत नाही.

टॅग एकच असतो हेही विसरू नका. न्यू यॉर्क जायंट्सनी क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सचं पाचव्या वर्षाचं ऑप्शन (ड्राफ्टच्या करारात एक वर्ष वाढवायचा टीमचा हक्क) २०२२ साली नाकारलं, मग २०२३ साली त्याला ४ वर्षांचे १६ कोटी दिले आणि टॅग सॅक्वॉन बार्कलीला लावला. जोन्सला नोव्हेंबर २०२४ मध्ये सोडलं. बार्कली त्याआधीच फिलाडेल्फियात गेला होता. तिथे त्याने त्या हंगामात चेंडू घेऊन धावत २००० यार्डांचा टप्पा ओलांडला आणि सुपर बोलही जिंकला.

स्वस्त क्वार्टरबॅकचा काळ किती टिकतो तेही मोजून ठेवा. ड्राफ्टमधला करार चार वर्षांचा, आणि तीन हंगाम झाल्याशिवाय तो बदलता येत नाही. पाचव्या वर्षाचं ऑप्शन फक्त पहिल्या फेरीतल्यांना. ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमधली शेवटची, २६२ वी पिक. २०२३ साली त्याचा कॅप हिट ९ लाखांच्याही आत होता. सॅन फ्रान्सिस्कोने त्या जोरावर बाकी टीम महागडी ठेवली. सातव्या फेरीचा असल्याने त्याला ऑप्शन नव्हतं, तीन हंगाम होताच २०२५ साली ५ वर्षांचे २६ कोटी ५० लाख द्यावे लागले. ती महागडी टीम तशीच ठेवता येणार नाही, हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

बातमी आली त्या रात्री

मार्चमध्ये फ्री एजंटांशी बोलणी अधिकृतपणे सुरू व्हायची वेळ न्यू यॉर्कच्या दुपारी १२ ची, म्हणजे भारतात रात्री साडेनऊ. दोन दिवसांनी लीग वर्ष तिथल्या दुपारी ४ ला सुरू होतं, तेव्हा इथे मध्यरात्रीनंतरचे दीड वाजलेले असतात. त्याआधीचा कुठलाही करार तोंडीच. या दोन दिवसांतल्या मर्यादाही खऱ्या आहेत: २०२४ साली कझिन्सशी या मर्यादा मोडून बोलल्याबद्दल अटलांटाला अडीच लाखांचा दंड झाला आणि पाचव्या फेरीची एक पिक गेली.

पहिली बातमी नेहमी सगळ्यात मोठा आकडा सांगते, कारण ती बहुतेक वेळा एजंटकडून आलेली असते. "१८ कोटींपर्यंत" मधला "पर्यंत" हा शब्द तेवढा नीट बघा. त्यात कामगिरीचे बोनस असतात. गेल्या वर्षी गाठलेल्या लक्ष्याचे लगेच कॅपवर धरतात, न गाठलेल्याचे मिळाले तर पुढच्या वर्षी. त्या रात्री वाद घालायचाच असेल तर दोनच आकड्यांवर घाला: सही करतानाची पूर्ण हमी, आणि पहिल्या दोन वर्षांत मिळणारी रोख. वर्षवार मांडणी थोड्या दिवसांत साइटवर चढते. ती आली की तिसऱ्या वर्षाच्या डेड मनीचा रकाना आधी उघडा.